पांढऱ्या कणसातले पिवळे दाणे

आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी नाकाने तपासली जायची आणि मग डोळ्यांनी. दादा, म्हणजे माझे वडील, पेंडीचं नवं पोतं उघडलं की मनगटापर्यंत हात आत घालायचे, मूठभर पेंड बाहेर काढून हुंगायचे आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत विचारायचे, "कधीची हाय?" दुकानदार काय सांगतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. तो सांगताना कुठे बघतो, एवढंच ते बघत. सरकी, गूळ, आईने दळून आणलेलं ज्वारीचं पीठ, मी कॉलेजातून आणलेली वही, सगळं त्यांच्या नाकाखालून जायचं. वहीचासुद्धा वास घेऊन ते म्हणाले होते, "कागद बरा हाय." चौथी शिकलेल्या माणसाने माझ्या कृषी पदवीच्या अभ्यासावर दिलेला तेवढाच शेरा. आमच्या भावकीत पदवीची पायरी चढलेली मी पहिली. मुलगे धरून पहिली. हे मी तेव्हाही सांगत असे आणि आज साठी उलटल्यावरही सांगते, कारण ते कुणी दुसरं सांगणार नाही.

आता मी त्याच गावात, पुण्याजवळच्या मांजरीत, सातव्या मजल्यावर राहते. खाली जिथे गाड्या लावतात तिथे आमचा मका होता, आणि कचऱ्याचे डबे आहेत तिथे गोठा. पिशवीतलं दूध येतं, कुणी हुंगत नाही. परवा रस्त्याने एक ट्रक चालला होता, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, गठ्ठ्यांनी भरलेला. गोठेवाले फोनवरून मुरघास मागवतात म्हणे. मला हसू आलं. याच मुरघासाला आमच्या दारात पहिल्यांदा आणलं तेव्हा दादांनी जो चेहरा केला होता, तो मला त्या ट्रकच्या मागे दिसला.

पदवी झाल्याबरोबर मला एका खाजगी बियाणे कंपनीच्या संशोधन शेतावर काम मिळालं. हंगामी. वर्ष नीट गेलं तर कायम करू, असं सांगितलं होतं. शेत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. प्रमुख होते इनामदार सर. पुण्यातले, पांढरा सदरा, बोलणं मोजकं आणि बारीक टोचणारं. त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं. सगळे जण मका दाण्यासाठी सुधारतात, कणीस किती मोठं ते बघतात. सर म्हणायचे, गाय काय नुसतं कणीस खाते का? तिला अख्खं झाड हवं. उंच, पानांनी भरलेलं, कणसात दाणा चिकात आला तरी खालची पानं हिरवी राहिलेली. असं झाड तोडून, कुट्टी करून, हवा लागू न देता खड्ड्यात दाबलं तर दोन महिन्यांनी त्याचा आंबूस-गोड मुरघास होतो आणि उन्हाळ्यातही गाईच्या पुढ्यात हिरव्या चाऱ्याचा कस राहतो. या कामासाठी संकरित मका तयार करायचा, तर त्याचे आईबाप आधी शुद्ध हवेत. त्यातलं एक वाण पांढऱ्या दाण्याचं होतं. सरांनी ते कुठल्याशा डोंगराळ भागातून मूठभर आणलं होतं. त्याला नंबर होता, पण शेतावरच्या बायका त्याला नुसतं 'पांढरी' म्हणायच्या. कणीस वाळलं तरी पांढरीची पानं हिरवीच राहायची. सरांचा सगळा जीव तिच्यात होता.

पांढरी शुद्ध ठेवायची म्हणजे तिच्याच तुऱ्याचा पराग तिच्याच कणसाला द्यायचा, दुसऱ्या कुणाचा एक कण लागू द्यायचा नाही. कणसाला केस फुटायच्या आत त्याच्यावर बटर पेपरची छोटी पिशवी चढवायची, हे काम सुलाबाईंचं. त्या रोजावर होत्या, पण अकरा वर्षं असल्याच शेतांवर काम केलेल्या. पाल्याला हात लावून, आत केस किती वर आलेत ते त्यांना कळायचं. तुऱ्याला आदल्या संध्याकाळी खाकी पिशवी बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर तुरा वाकवून पिशवीत पराग झाडून घ्यायचा, कणसाची पिशवी झटक्यात काढायची, केसांवर पराग ओतायचा, परत झाकायचं, वर पेन्सिलीने तारीख टाकायची. हे माझं काम. दर झाडाआधी हात स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. मी ते इतक्या काटेकोरपणे करायची की बोटांची सालं निघाली होती.

सुलाबाईंचं आणि माझं पहिल्यापासून जमलं नाही. त्या मला ताई म्हणायच्या आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघायच्या. मला वाटायचं, ही बाई मला जोखते आहे. गावातल्याच गोठ्यातली पोर, कालपर्यंत डोक्यावर शेणाची पाटी घेऊन जायची, आज हातात पेन्सिल घेऊन आपल्याला सांगणार. कॉलेजात असताना सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या. त्यांच्या खोलीवर एकदा गेले, तेव्हा एकीने उठून खिडकी उघडली होती. कुणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून मी घरातून निघताना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची आणि कुणी नाक जरा वर केलं तरी मला ते दिसायचं. भाद्रपदात, ऐन पराग द्यायच्या दिवसांत, एका सकाळी मी बांधावर पोचले तर सुलाबाई वाटेत उभ्या. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "ताई, ओढणी झटकून या." मी काही न बोलता त्यांच्या बाजूने आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी थांबले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तुमच्या पिशव्या बघा." त्या बाजूला झाल्या.

इकडे घरात दादांचं मुरघासाशी वेगळंच युद्ध चाललं होतं. आधीच्या हंगामात सरांनी विचारलं होतं, आमच्या संकरांचा मुरघास प्रत्यक्ष गोठ्यात घालून बघायला कुणी तयार होईल का. मी हात वर केला. दादांना घरी येऊन सांगितलं तेव्हा ते धार काढत होते, मान वर न करता म्हणाले, "फुकट देणार?" मी हो म्हणाले. "मग कायतरी खोट हाय." खड्डा खणला, कुट्टी आली, चार माणसांनी थरावर थर तुडवले, वर प्लॅस्टिक, त्यावर माती. दादा कडेला उभं राहून बघत होते. "हिरवा चारा पुरायचा, अन् मग उकरून जनावराला घालायचा. मढं हाय व्हय ते?" पुढचे दोन महिने ते रोज त्या मातीवर पाय ठेवून बघायचे, कुठे खचली का, कुठे फुगली का. श्रावणात खड्डा उघडला तेव्हा सर स्वतः आले होते. प्लॅस्टिकची कड उचलली आणि तो वास आला, आंबलेल्या फळासारखा, थोडा ताकासारखा. दादांनी मूठभर उचललं, हुंगलं, तोंडात टाकलं, थुंकलं, आणि चांदीपुढे धरलं. चांदी आमची मोठी गाय, संकरित, खाण्याच्या बाबतीत अत्यंत नखरेल. तिने एकदा फुर्र केलं, आणि मग गव्हाणीचा तळ चाटेपर्यंत डोकं वर काढलं नाही. सरांनी दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "गाय काय, मिठाची गोणी पण चाटती."

दादा रोज मोटरसायकलला कॅन लावून सदाशिव पेठेत दूध घालायचे. तिथल्या एका काकू त्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. आठवडा झाला नसेल, काकूंनी पातेलं हातात घेऊन दारातच विचारलं, "काय हो, तुमची गाय हल्ली लोणचं खाते का?" दादा घरी आले ते तापूनच. मला म्हणाले, शिकलेल्या माणसांनी सांगितलं म्हणून घातलं, आता गिऱ्हाईक जातंय. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "एक तर गाय बदला, नाहीतर आम्ही गवळी बदलतो." मी सरांना विचारायला घाबरत होते. दादांनी मात्र कुणालाच विचारलं नाही. मुरघास बंदही केला नाही. आठ दिवसांनी जेवताना, खरड्याबरोबर भाकरी मोडता मोडता, सहज म्हणाले, "धारेच्या आधी घातलं की वास येतो. धार काढून मग घातलं की येत न्हाय." मी विचारलं, कशावरून. तर म्हणाले, दोन दिवस आधी घातलं, दोन दिवस नंतर, परत दोन दिवस आधी, परत नंतर. "काकू बरोबर आधी घातलेल्या दिवशीच बोलल्या." एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. त्यांना दिवस आठवायचे ते गाईवरून. कुठल्या दिवशी काय घातलं, कुणी घातलं, गाय काय वागली, यावरून ते वार सांगायचे. मी ही हकिगत सरांना सांगितली तेव्हा सर म्हणाले, याला आम्ही प्रयोगाचा आराखडा म्हणतो, आणि तो शिकवायला दोन वर्षं घेतो.

दिवाळीच्या आसपास पांढरीची कणसं वाळली. सोलायला बसलो, सर, मी आणि सुलाबाई. पहिली दहा-बारा कणसं मोत्यासारखी. मग एका कणसात, मधल्या ओळीत, एक पिवळा दाणा. पिवळाजर्द, जणू कुणी मुद्दाम डकवलाय. त्याच्या पुढच्या कणसात तीन. मग परत स्वच्छ पाच-सहा, मग एकात सात. वाचणाऱ्याला हे एवढंसं वाटेल. पण मक्याची गंमत अशी की पांढऱ्या कणसावर पिवळ्या मक्याचा पराग पडला तर तो दाणा त्याच हंगामात पिवळा होतो. लपत नाही. पिवळा दाणा म्हणजे कुणा परक्याचा पराग आत शिरला. आणि आमच्या शेतावर त्या हंगामात पिवळा मका नव्हता. सरांनी ती कणसं बाजूला ठेवली. मला एकदम सगळ्यांच्या हातांकडे बघावंसं वाटलं.

दोन दिवस शेतावर तेच वातावरण. कुणी पिशवी उचलली? कुणी बाहेरून काही आणलं का? सरांना गोठ्यातल्या प्रयोगाचीही शंका आली असावी, कारण त्यांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांनी शेतावर येऊन कधी पिशवी काढून कणीस नेलं होतं का. मी नाही म्हणाले, आणि घरी येऊन दादांना तेच विचारलं. दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जेवायलाच बसले नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. असा प्रकार बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो, ते म्हणाले. कणसाला केस फुटून गेल्यावर पिशवी चढवली, तर तेवढ्या वेळात वाऱ्यावरचा पराग लागतो. म्हणजे पिशवी उशिरा चढली. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं, ते मी आज प्रामाणिकपणे सांगते. माझी कायम होण्याची फाइल त्यांच्या टेबलावर होती, आणि ती मला दिसत होती. बांधावरची बाई माझ्या डोळ्यांसमोर होती, सगळ्यांसमोर मला ओढणी झटक म्हणणारी. मी म्हणाले, "सर, पिशव्या सुलाबाईच चढवतात."

खोटं एक अक्षर नव्हतं. शनिवारी सुलाबाईंना सोमवारपासून येऊ नका असं सांगण्यात आलं. त्या निघताना त्यांनी हातातल्या उरलेल्या पिशव्या मोजून, रबर लावून माझ्या टेबलावर ठेवल्या. काही बोलल्या नाहीत. मला तेही संशयास्पद वाटलं. चूक नसती तर भांडली असती, असं मी मनाशी म्हटलं. शिकलेल्या माणसाला कारण शोधायला वेळ लागत नाही.

तरी एक गोष्ट मला टोचत होती. बाधलेली कणसं सगळीकडे विखुरलेली नव्हती. मी त्यांच्या पिशव्यांवरच्या तारखा एका कागदावर उतरवल्या. सगळ्या तारखा माझ्या हस्ताक्षरातल्या, आणि सगळ्या ओळीने चार दिवसांतल्या. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. सुलाबाई उशीर करत असत्या तर फक्त चारच दिवस का? संध्याकाळी दादा चांदीची धार काढत होते. चरवीत दुधाच्या बारीक धारा वाजत होत्या. मी खांबाला टेकून, स्वतःशीच बोलल्यासारखं, त्यांना सगळं सांगितलं आणि तारखा वाचल्या.

"तारखा मला काय कळत न्हाईत," दादा म्हणाले. "सण सांग."

मी हिशेब केला. गौरींचं विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवस.

धारेचा आवाज थांबला. दादांनी चांदीच्या पोटाला डोकं टेकवलं होतं, ते तसंच ठेवून म्हणाले, "त्या चार दिवसांत हिनं पान्हा चोरला होता."

"का?"

"तुझी आई घरी न्हवती. मामाचा पाय मोडला म्हणून गेली होती. वैरण कुणी आणली?"

मी आणली होती. आई असली की पहाटे तीच वैरण कापायची. त्या चार दिवसांत मी कापली, आणि मला पहाटे उठवेना म्हणून उन्हं वर आल्यावर, आठ-साडेआठला कापली. आमचा मका चाऱ्याचा, पिवळ्या दाण्याचा, तुऱ्यावर आलेला. चुंबळ सापडली नाही म्हणून मी ओढणीचीच चुंबळ केली, तिच्यावर भारा घेतला, गव्हाणीत टाकला. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. आणि तीच ओढणी उलगडून, डोक्यावरून नीट घेऊन, शेतावर गेले. मक्याचा पराग उन्हात तास-दोन तास तरी जिवंत राहतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पांढरीच्या प्रत्येक कणसाची पिशवी काढताना मी वाकायची, आणि वाकल्यावर ओढणी पुढे यायची.

"तुझ्या शेताला सगळ्यात जवळचा पिवळा मका कुणाचा?" दादांनी विचारलं. उत्तर त्यांना हवं नव्हतं. धार परत सुरू झाली.

मला तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या सुलाबाई नव्हेत, आठवलं ते त्यांचं वाक्य, ओढणी झटकून या. चार दिवस, रोज एक वेळ. पाचव्या दिवशी आई परत आली होती. पाचव्या दिवशी त्या काही बोलल्याच नव्हत्या. मी त्याचं श्रेय माझ्या दटावणीला दिलं होतं.

सोमवारी सर आल्याबरोबर मी केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चुंबळीसकट. मी भारा डोक्यावर वाहते, हे मी शेतावर कुणालाही कळू दिलं नव्हतं. ते सांगणं मला चुकीपेक्षा जड गेलं. सरांनी कागद घेतला, तारखा बघितल्या.

"हे कोणी शोधलं?"

"माझ्या वडिलांनी."

"शिक्षण?"

"चौथी."

"त्यांना नोकरी हवी आहे का, विचारून बघा," सर म्हणाले. माझी फाइल त्यांनी टेबलावरून उचलून मागच्या कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मी मान हलवली. सुलाबाईंना बोलवायला मी निरोप पाठवू का, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "निरोप कशाला? काढलं मी, पण वाक्य तुमचं होतं. तुम्हीच जा."

सुलाबाई कुणाच्या तरी उसाच्या लागणीवर होत्या. सरीत वाकून कांड्या दाबत होत्या. मी बांधावरून हाक मारली तर त्यांनी वर बघितलं आणि ओळ पुरी करूनच आल्या. पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले. मी सगळं सांगितलं. सरांना काय सांगितलं होतं तेही, शब्द न बदलता. त्या पदराने तोंड पुसत ऐकत होत्या.

"मला दिसत होतं की," त्या म्हणाल्या. "काळी ओढणी तुमची. खांद्यावर हळद सांडल्यागत पिवळं."

"मग नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. चार दिस सांगितलं. तुम्ही कालिजातल्या, तुम्हाला आणखी काय फोडून सांगायचं?" त्यांनी माझ्याकडे परत तसंच खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्हाला काय वाटलं, मी कशापायी म्हणत होते?"

हे उत्तर टाळता आलं असतं. मी टाळलं नाही. म्हणाले, "मला वाटलं, गोठ्याचा वास येतो म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर हिणवताय."

सुलाबाई म्हणाल्या, "मला कशाला वास येईल? मी काय सदाशिव पेठेतली हाय?" आणि परत सरीत उतरल्या. येते म्हणाल्या नाहीत, नाही येत असंही म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी त्या आल्या. त्या दिवशी मी शेडमध्ये सतरंजीवर पांढरीची बाधलेली कणसं घेऊन बसले होते. पिवळा दाणा परक्याचा, पण पांढरा दाणा पांढरीचाच, म्हणजे सगळं वाया गेलं नव्हतं. दाणे सोडवायचे आणि एक-एक बघून निवडायचे. सुलाबाईंनी कुणालाही न विचारता सूप घेतलं, माझ्यासमोर बसल्या आणि तांदळातले खडे काढावेत तशा पिवळे दाणे अंगठ्याने बाजूला सारू लागल्या. तीन दिवस आम्ही तेच केलं. पहिला दिवस एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या सुपात वाकून बघितलं आणि मी पांढऱ्यात टाकलेला एक फिकट दाणा उचलून पिवळ्यात टाकला. तिसऱ्या दिवशी मी डब्यातला खरवस त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी आधी हुंगला, मग खाल्ला, आणि विचारलं, मुरघासाच्या गाईचा का. मी हो म्हणाले. "बरा हाय," त्या म्हणाल्या.

पिवळे दाणे शेवटी वाटीभर निघाले. सरांनी ते माझ्यासमोर भरडून टाकायला लावले. दादांनी नंतर विचारलं होतं, कसे होते, पेरून बघितले असते. मी सांगितलं, शेतावरची वस्तू बाहेर जात नाही. त्यांनी माझ्याकडे, दुकानदाराकडे बघायचे तसं बघितलं, मी कुठे बघते ते. मी त्यांच्याकडेच बघत होते.

पांढरी जगली. पुढे तिच्यापासून झालेले संकर किती गोठ्यांत गेले ते मला सांगता येणार नाही, आणि त्यातलं श्रेय मागायलाही मी जाणार नाही. मी कायम झाले ते एका वर्षाने. त्या वर्षाची नोकरी माझ्या पेन्शनच्या कागदात कुठेच नाही, पण मला विचाराल तर त्या वर्षात मी जेवढं शिकले तेवढं पदवीत नाही शिकले. पदवीचा अभिमान मला तरीही आहे. तो सोडायचा प्रश्न नाही.

पुढच्या भाद्रपदात पांढरी परत केसांवर आली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम घरची वैरण कापून, भारा टाकून, वाटेत ओढणी दोनदा झटकून गेले. सुलाबाई बांधावर त्याच जागी उभ्या होत्या, मागे सगळ्या बायका. त्यांनी हात पुढे केला. मी ओढणी काढून त्यांच्या हातात दिली. त्या वाऱ्याची दिशा बघून पांढरीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, ओढणी फडाफडा झटकली, उन्हात धरून बघितली, आणि मग नाकाशी नेली.

"वास येतोय की, ताई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "गोठ्याचा."

"येणारच," मी म्हणाले, आणि ओढणी डोक्यावरून घेऊन ओळीत शिरले.